मंडालेचा पियानो

मंडाले म्हटलं की मराठी माणसाला तुरुंग आठवतो. १९०८ ते १९१४, लोकमान्य, शिसपेन्सिलीनं भरलेल्या वह्या आणि गीतारहस्य. कोकणातल्या माणसाला त्याच्या जोडीला थिबा राजा आठवतो. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला गादीवरून उठवलं, आधी मद्रासला आणि मग १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. १९१० साली त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला आणि १९१६ साली तो रत्नागिरीतच वारला. रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेच्या कैदेत आणि मंडालेचा राजा रत्नागिरीच्या कैदेत, अशी ही अदलाबदल. इंग्रजांना विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणतं!

एवढा जुना ऋणानुबंध असूनही त्या गावात गाणंबजावणं काय चालत असेल, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी शोधत होतो ती पायपेटीची जुनी ध्वनिमुद्रणं, म्हणजे संगीत नाटकांत पडद्यापुढे वाजणारा ऑर्गन. त्या शोधाच्या आडवाटेला हा पियानो लागला. वाजवणाऱ्याचं नाव ऊ यी न्वे, मुद्रण १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेलं. पहिली दहा-बारा सेकंद मला खात्री होती की दोन माणसं वाजवताहेत आणि त्यांचं आपसात काहीतरी बिनसलंय. एक सूर वरच्या सप्तकात पडतो, तोच सूर खाली जरा उशिरानं पडतो. मध्येच धो धो पाऊस पडावा तशी स्वरांची सर येते आणि कापल्यासारखी थांबते. मग नुसती शांतता. अजून शांतता. आणि आता संपलं म्हणून आपण हात पुढे करावा, तर मूळ चाल निवांत चालत परत येते.

माणूस एकच होता. हात दोन, आणि चालही एकच. गंमत सगळी इथेच आहे. पाश्चात्त्य पियानोत उजवा हात गातो आणि डावा त्याच्या खाली स्वरांचे पुंजके धरतो; पियानो म्हणजे तेच, असं आपण सिनेमातल्या गाण्यांमुळे धरून चाललेलो. ब्रह्मी पियानोत डाव्या हाताला असं पडेल ते काम नाही. एक ओळ दोन्ही हात वाटून घेतात. अर्धं वाक्य याचं, अर्धं त्याचं, कधी दोघं एकदम पण दोन वेगळ्या सप्तकांत, कधी एक पुढे धावतो आणि दुसरा ओळीच्या शेवटी त्याला गाठतो.

हे कुठून आलं ते कळायला पट्टला ऐकावा लागतो. होडीसारख्या लाकडी पेटीवर बांबूच्या पट्ट्यांची ओळ टांगलेली असते, आणि वाजवणारा दोन्ही हातांत एकेक टोलणं घेऊन बसतो. एका हातात एक टोलणं म्हणजे एका वेळी एकच सूर. भरणा करायचा तर दोन्ही हातांनी आळीपाळीनं, झपाट्यानं. ब्रह्मी पियानोवाल्याचे हात मुळात हे आहेत. पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या खाली त्याला बांबूच दिसत असावा. पट्टल्याच्या जोडीला सोळा तारांची, हंसाच्या मानेसारखी वळलेली वीणा, साउंग. तिच्यावरची तुटक, नाजूक नक्षीही या पियानोत उतरली आहे.

मिंडोन राजाच्या, म्हणजे थिबाच्या वडिलांच्या काळात मंडालेच्या दरबारात पियानो नजराणा म्हणून आला असं सांगतात. इटलीच्या वकिलातीनं दिला, असाही त्या कथेचा पुढचा भाग आहे. दरबारी वादकांनी तो शिकायला कुणाला युरोपात धाडलं नाही. त्यांच्याकडे महागीत नावाचा दरबारी गाण्यांचा मोठा साठा होता, तोच त्यांनी या नव्या पेटाऱ्यावर वाजवला. एवढ्यावरही ते थांबले नाहीत. त्यांनी पियानोच्या तारा आपल्या सुरांत लावून घेतल्या! ब्रह्मी सप्तकातला चौथा स्वर आपल्या शुद्ध आणि तीव्र मध्यमांच्या मधे कुठेतरी उभा असतो, आणि सातवा दोन निषादांच्या मधे. आपल्या कानाला पहिल्यांदा तो पियानो पावसात भिजून उतरलाय असंच वाटतं. हल्लीच्या पियानोंवर बहुधा पाश्चात्त्य स्वरजुळणीच असते. तीही गोड लागते, पण माझं मत विचाराल तर ती जरा इस्त्री केलेली.

पियानोला तिथे सांदया म्हणतात आणि वादकाच्या नावाआधी ते वाद्य लावायची रीत आहे. सांदया अमुक, सांदया तमुक. मूकपटांच्या काळात तो रंगूनच्या थिएटरांत शिरला, तिथून घरांत आणि पुढे रेडिओवर गेला. दरबार बुडाल्यावर दरबारी वाद्याचं जे व्हायचं ते याचं झालं नाही. ऊ को को यांच्यासारख्या वादकानं तर या पियानोला परदेशातल्या श्रोत्यांपर्यंत नेलं.

आता आपल्याकडे पाहू. पेटीही परदेशीच, आणि तिनंही इथे घर केलं. कीर्तनात, तमाशात, नाटकात, भजनात. पण तिचा छळ केवढा झाला! १९४० साली आकाशवाणीनं तिला बंदी केली आणि ती उठायला १९७१ उजाडलं. आरोप काय, तर तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत. आरोप खोटा नव्हता. आपलं गाणं गळ्याचं. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत, रेंगाळत जाणारं. पेटीला घसरता येत नाही, पण निदान तिचा सूर भात्याच्या जोरावर टिकतो, म्हणून ती गवयाच्या मागे सावलीसारखी राहू शकली. पियानोला तेही जमत नाही. हातोडी पडली की सूर विझायलाच लागतो. म्हणून आपल्याकडे तो सिनेमातल्या श्रीमंत नायकाच्या दिवाणखान्यात राहिला आणि त्याच्यावर फुलदाणी आली.

ब्रह्मदेशात या विझण्याची कुणाला अडचण झाली नाही. तिथे वाद्यवृंदाचा जीवच टोल्यात आहे. सैंग वैंग नावाच्या ताफ्यात एकवीस ढोलकी गोलात टांगलेल्या असतात, वादक मधोमध बसतो आणि त्या ढोलक्यांवर चक्क चाल वाजवतो. प्रत्येक ढोलकीचा सूर वेगळा, आणि तो जमवायला कातड्यावर भात आणि राख यांचा लगदा लावतात. पखवाजाच्या धुमेला ओली कणीक लावणारी आपण माणसं. आपल्याला हे चटकन पटावं. पितळी घंगाळ्यांचं वर्तुळ वेगळंच. जिथे ढोलकीसुद्धा गाते, तिथे पियानो पाहुणा कसला? त्याला नुसती जागा दाखवायची होती.

तालाचं तर भजनातल्या माणसाला सांगायलाच नको. गाणाऱ्याच्या हातात सी नावाचे छोटे टाळ आणि वा नावाची चिपळीसारखी लाकडी टिपरी असते. टिंग, आणि मग टक. भार त्या टकवर. आपण समेवरून निघतो, ते 'वा'वर येऊन टेकतात. हे कळेपर्यंत मी मांडीवर सारखी चुकीच्या जागी थाप मारत होतो. एकदा कळलं की पियानोवाल्याची सगळी उनाडकी कळते. मधे तो कितीही हुंदडो, टक पडताना घरी असतो. ऐकायचंच असेल तर सुरुवात संथ गाण्यापासून करा, गायिका असलेल्या. नुसत्या पियानोच्या दुडक्या चाली मजेदार असतात, पण पहिल्याच दिवशी त्या ऐकल्या तर सर्कशीतलं काहीतरी वाटेल आणि तुम्ही पुढे जाणार नाही.

आमच्या घरची पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांना मी हे मुद्दाम ऐकवलं. आयुष्य सुरांची पितळी पाती घासण्यात गेलेला माणूस. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाईल कानाजवळ धरला आणि पहिल्याच मिनिटाला तोंड वाकडं केलं.

"मध्यम बघ. चढलाय."

"काका, तो त्यांचा तसाच असतो."

"तसाच म्हणजे?"

मी सांगितलं. त्यांनी पुन्हा लावायला लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा मात्र मान हलली, आणि ती नेमकी टकवर हलली. मला जे कळायला आठवडे लागले ते काकांच्या मानेला लगेच कळलं.

"निषादही उतरवलाय," ते म्हणाले, "पण बेसूर नाही हां. लावलेला आहे, नीट कानानं लावलेला आहे." मग ओट्यावर उघडी पडलेली आमची पेटी त्यांनी जवळ ओढली आणि कानस हातात घेतली. "मध्यमाचं टोक घासायचं, निषादाचं मूळ. अर्ध्या तासाचं काम आहे. करू?"

मी पेटीवर हात ठेवला.

"घाबरतोस कशाला? फक्त मग हिच्यावर नाट्यगीत वाजायचं नाही. तुझ्या आईला तू सांगायचं."