माउंटन मेडोज: कबर आमची, जमीन त्यांची

लास वेगासहून झायन नॅशनल पार्कला जाताना युटामधल्या सेंट जॉर्जला गॅस भरायला बरेच जण थांबतात. आम्हीही थांबलो, फक्त पुढे झायनकडे न वळता हायवे १८ धरून उत्तरेला निघालो. माउंटन मेडोज बघायचंच हे मी ट्रिप ठरवतानाच सांगून टाकलं होतं. आई सहा महिन्यांसाठी आलीये, तिला एवढंच सांगितलं की वाटेत एका ठिकाणी खूप माणसं मारली होती, तिथे जायचंय. ती म्हणाली, पितृपक्ष चालूये, चल.

पाऊण तास लागला. टेकडीवर पार्किंग आहे, तिथून छोटी वाट वर जाते आणि वर ग्रॅनाइटची भिंत, तिच्यावर नावंच नावं. खाली लांबच लांब दरी. नाव मेडोज म्हणजे कुरण, पण आता करडी झुडपं आणि वारा, बस. १८५७ मध्ये इथे झरा होता, गवत होतं, म्हणूनच तर अर्कान्सासहून कॅलिफोर्नियाला निघालेला तांडा वाळवंट लागायच्या आधी गुरं चारायला इथे थांबला. बेकर, फँचर, डनलॅप, हफ अशी घरं, बरोबर सोयरे-शेजारी, शेकडो गुरं, खूप सारी लहान मुलं. तेव्हा युटामध्ये वातावरण भयंकर तापलेलं, अध्यक्ष ब्यूकॅननने फौज पाठवलेली आणि मॉर्मन लोकांना (युटात वसलेला एक ख्रिस्ती पंथ) वाटत होतं आता इथूनही आपल्याला हाकलणार, बाहेरून येणारा प्रत्येक जण शत्रू.

७ सप्टेंबरला हल्ला झाला. करणारे स्थानिक मॉर्मन मिलिशियाचे, म्हणजे हत्यारबंद नागरी दलाचे लोक आणि त्यांनी सोबत घेतलेले काही पायूट, म्हणजे तिथले मूळ रहिवासी. तांड्याने गाड्या गोल लावल्या आणि पाच दिवस आत बसून राहिले, झरा समोर दिसतोय पण गेलं की गोळी. ११ तारखेला मिलिशियाचा जॉन डी. ली पांढरं निशाण घेऊन आला, बंदुका द्या, तुम्हाला सीडर सिटीला सुखरूप पोचवतो म्हणाला. तहानलेल्या माणसांनी विश्वास ठेवला. तान्ही मुलं आणि जखमी गाड्यांमधे, त्यांच्या मागे बायका आणि मोठी मुलं, शेवटी पुरुष, प्रत्येकाच्या शेजारी एक बंदूकवाला सोबतीला म्हणून. थोडं चालल्यावर हुकूम झाला आणि सोबतीला दिलेल्यानेच शेजारच्याला मारलं. सुमारे १२० माणसं. मॉर्मनांचा प्रमुख ब्रिगहॅम यंग याचं तांड्याला जाऊ द्या असं पत्र सीडर सिटीला पोचलं १३ तारखेला.

१७ मुलं वाचली, सगळी सहा-सात वर्षांच्या आतली, काही सांगू शकणार नाहीत म्हणून सोडलेली. आईने लगेच विचारलं, "मग त्या पोरांचं काय झालं गं?"

दोन वर्षं ती तिथल्याच मॉर्मन घरांमधे वाढली. अर्कान्सासचा विल्यम मिचेल, ज्याची दोन मुलं, सून आणि नातू इथे गेले, तो वॉशिंग्टनला पाठपुरावा करत राहिला. १८५९ मध्ये सरकारी अधिकारी जेकब फॉर्नीने मुलं गोळा केली, तर सांभाळल्याच्या खर्चाची बिलं पुढे आली! हे मी आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. सारा डनलॅप तेव्हा एक वर्षाची होती, हाताला गोळी लागलेली, तो हात कायमचा अधू. आणि काही सांगू शकणार नाहीत म्हणून सोडलेल्यांपैकी नॅन्सी हफने १८७५ मध्ये, चार वर्षांची असताना काय पाहिलं ते पेपरात सांगितलं.

कोर्टाचं म्हणाल तर नऊ जणांवर आरोप ठेवले, शिक्षा एकट्या लीला. पहिल्या खटल्यात ज्यूरीचं एकमत नाही, दुसऱ्यात दोषी, आणि २३ मार्च १८७७ ला इथेच आणून शवपेटीवर बसवून गोळ्या घातल्या. हल्ल्याला वीस वर्षं होत आलेली. हुकूम देणाऱ्या हेट आणि हिगबीवर खटला चाललाच नाही.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते कबरीचं. मेजर कार्लटनच्या सैनिकांनी १८५९ मध्ये उघड्यावर पडलेली हाडं पुरून दगडांचा ढीग रचला होता. तीच जागा नंतर मॉर्मन चर्चच्या मालकीची झाली, म्हणजे ज्यांच्या माणसांनी मारलं त्यांच्याच हातात कबर. १९९९ मध्ये चर्च नवीन स्मारक बांधत होतं तेव्हा खोदाईच्या बॅकहो मशीनने निदान २८ माणसांची हाडं वर आली. कायद्याप्रमाणे अभ्यास व्हायला हवा होता, सुरूही झाला, तेवढ्यात युटाच्या गव्हर्नर लेव्हिटच्या ऑफिसातून हालचाल झाली आणि महिन्याभरात हाडं परत पुरली. वंशजांमधेही दोन तट, काहींना वाटलं झालं एकदाचं, शांत पडू द्या, काहींना डीएनए करून आपला कोण ते कळायला हवं होतं. मी दुसऱ्या बाजूची आहे. आपलं माणूस कुठलं हे कळायचा हक्क घरच्यांचा.

वंशजांपैकीच काहींनी मागणी केली की जागा केंद्र सरकारकडे द्या, चर्चने दिली नाही. २००७ मध्ये, दीडशे वर्षांनी, चर्चचे नेते हेन्री आयरिंग यांनी इथे उभं राहून चर्चच्या वतीने खोल खेद व्यक्त केला, इतकी वर्षं सगळा दोष ज्यांच्यावर ढकलला त्या पायूट लोकांबद्दलही. माफी हा शब्द नव्हता म्हणून काही वंशज नाराज राहिले, आणि मला त्यांचं पटतं. २०११ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, त्यासाठी मात्र वंशजांच्या संघटना आणि चर्च एकत्र आले होते.

टेकडी उतरून आम्ही खाली कबरीपाशी गेलो. दगडांचा ढीग, भोवती कुंपण, आमच्याशिवाय कोणी नाही. आईने चप्पल काढली, पाण्याची बाटली मागितली आणि मला म्हणाली, वर भिंतीचे फोटो काढलेस ना, नावं वाच. मी फोनवर झूम करून वाचत गेले आणि प्रत्येक नावाला ती ओंजळीतून थोडं पाणी जमिनीवर सोडत गेली. डनलॅपांची मुलं वाचतानाच बाटली संपली. ती तशीच ओंजळ धरून उभी राहिली, नवरा पळत गाडीतून दुसरी घेऊन आला, आणि मी पुढचं नाव वाचलं.