टेम्पोत बसण्याची शिस्त

गोव्यातल्या फोंड्याहून पंढरपूरची दिंडी निघाली ती भर पावसात. रेनकोटातून टाळ वाजवायला हात बाहेर काढले की कोपरापर्यंत पाणी. पुढे वीणेकरी, मध्ये डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका आणि सगळ्यांत मागे भांडी, गॅस, अंथरुणं भरलेला टेम्पो. धडधाकट वारकऱ्याला त्या टेम्पोची लाज वाटते. मला मात्र गोळ्यांइतकीच त्याची गरज होती.

कर्करोगाची केमो आणि रेडिएशन संपल्यावर जो थकवा मागे राहतो तो झोपून जात नाही. पडून राहिलं की स्नायू आणखी उतरतात आणि थकवा वाढतोच. यावरच्या सर्वांत भरवशाच्या उपायांपैकी एक म्हणजे चालणं. 2019 साली तज्ज्ञांनी एकत्र बसून त्याचं माप ठरवलं: आठवड्यातून तीनदा 30 मिनिटं मध्यम गतीने चाल आणि दोनदा ताकदीचे व्यायाम. मध्यम गती म्हणजे बोलता येतं, गाता येत नाही. दिंडीत याचा पडताळा फुकट मिळतो. अभंगाचं चरण एका दमात निघतंय, तर चाल आरामाची. शेजारणीला उत्तर देताना वाक्य तुटतंय, तर थांबायला हवं.

पण वारी आठवड्यातून तीनदा नसते, रोज असते. म्हणून तयारी महिनोन्महिने आधीपासून. सपाट रस्त्यावर रोज 10 मिनिटं, मग दर आठवड्याला 5 मिनिटं जास्त. वाढवायचं की नाही हे दुसऱ्या दिवशीची सकाळ ठरवते. उठताना अंग जड असेल तर आठवडाभर तेवढ्यावरच राहायचं. खुर्चीवरून हात न टेकता 8-10 वेळा उठबस, आठवड्यातून दोनदा. त्याआधी डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घ्यायचं, कारण ती खाली असतील तर कितीही चाला, थकवा हलत नाही. उपचारात डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रास्टुझुमॅब घेतलेल्यांनी टूडी इकोबद्दल, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीबद्दलही विचारावं. ही औषधं हृदयाला त्रास देऊ शकतात.

आणि टेम्पोत बसायचं ते दमल्यावर नव्हे, दमण्याआधी. हेच सर्वांत जड जातं. मृदंग रंगात आलेला, पाय आपोआप पडत असतात, आणि नेमक्या त्या वेळी रांगेतून बाहेर व्हायचं. "एवढ्यात बसलात? माऊली बळ देतो हो!" असं म्हणणारा प्रत्येक दिंडीत एक तरी असतोच. माऊली देतोच बळ. ते एका दुपारी उधळलं तर पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात, हे त्या गृहस्थांना कोण सांगणार? मी हसून पातेल्यांच्या शेजारी बसत असे.

बाणस्तारी, माशेल कधी मागे पडलं कळलं नाही. मांडवीवरचा पूल ओलांडून आमोण्यात शिरलो तेव्हा दुपार झाली होती. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने तळवे बधिर होतात. फोड आला तरी दुखत नाही, म्हणून तो डोळ्यांनीच शोधावा लागतो. दर तासाला बूट काढून छोट्या आरशात तळवा बघायचा, बोटांच्या बेचक्या पुसायच्या, मोजे बदलायचे. सुती मोजे पाणी धरून ठेवतात, ओली कातडी मऊ पडते आणि बुटात घासून सुटते. त्यापेक्षा पातळ नायलॉनचे दोन जोड एकावर एक बरे. बूट अर्धा नंबर मोठा, कारण संध्याकाळी पाय सुजतो. अनवाणी चालण्याचा आग्रह कुणी धरला तर हात जोडून नाही म्हणायचं.

चवड्याखाली रुपयाएवढा फोड होता. एका घराच्या सोप्यावर टेकले तर आतून एक आजी घमेल्यात वाफाळतं मिठाचं पाणी घेऊन आल्या. "पाय घाल गो बाय, शेक बसेल." बधिर पायाला गरम पाणी म्हणजे भाजण्याची हमी, आणि बोटंही बधिर, त्यामुळे हाताने अंदाज येत नाही. हे सांगताना माझा आवाज जरा चढलाच. आजींना राग आला नाही. त्यांनी गार पाणी ओतलं, पदर खोचून स्वतःचं कोपर बुडवलं, पुन्हा ओतलं, पुन्हा कोपर, तान्ह्याच्या न्हाणीला बघतात तसं. मग पाय स्वतःच धुतले. वारकऱ्यांचे पाय धुतात ते पुण्यासाठी. त्या मात्र फोडाभोवती कापड किती हलक्या हाताने टिपत होत्या! फोड फोडू नका म्हटलं, त्यांनी मान डोलावली. कापसाची चकती मध्ये भोक पाडून फोडाभोवती बसवली, वर पट्टी. भोकामुळे दाब फोडावर न येता कडेच्या कातडीवर येतो. निघताना उकड्या तांदळाची पेज पुढे आली, सोबत मुगाची उसळ. नाव विचारायचं राहिलं.

साखळीला विठ्ठलापूरचं दर्शन झालं, गर्दी होती. मुक्कामाला लाउडस्पीकर रात्री अकरापर्यंत, पहाटे चारला काकडा. झोप हेही औषधच, पण ते समितीला कोण सांगणार? लेट्रोझोल या स्तनाच्या कर्करोगावरच्या गोळीने पहाटे गुडघे आखडलेले असतात, चार पावलं टाकली की सुटतात. काखेतल्या लसिका गाठी काढलेल्या बाजूच्या खांद्यावर पिशवी दिवसभर लटकवायची नाही, तो हात सुजू शकतो. त्या हाताला ओरखडा आला तर साबणाने धुवायचा. लाल, गरम झाला किंवा ताप 100.4 च्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टर.

केरीपासून चोर्ला घाट टेम्पोत. खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसत होतं आणि रडू आलं, कशाचं ते माहीत नाही.

एकादशीला पोट साबुदाण्याने भरतं, पण त्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. झिजलेले स्नायू भरून यायला मला ती दिवसाला वजनाच्या किलोमागे सव्वा ग्रॅमच्या आसपास हवी होती, म्हणजे 50 किलोला साठेक ग्रॅम. उपवास मोडायचा नव्हता. म्हणून दही, शेंगदाणे, राजगिरा, दूध, दर तीन तासांनी थोडं थोडं. आचारी पहिल्या दिवशी कुरकुरला. पुढे टेम्पोत माझ्या जागेवर दाण्यांचा डबा तोच ठेवू लागला.