बुचांची जवारी

पहिल्यांदा म्बिरा हे वाद्य ऐकलं तेव्हा मी इअरफोनला शिव्या घातल्या. प्रत्येक सुरामागे चर्र, झर्र, जणू आत माशी अडकलीय. इअरफोन बदलला, मग फोन बदलला. माशी तिथेच. शेवटी व्हिडिओ लावला तेव्हा उलगडा झाला. लाकडी फळीवर लोखंडी पट्ट्यांच्या जिभा बसवलेल्या आणि त्यांच्या खाली चक्क सोडावॉटरची बुचं, मुद्दाम सैलसर अडकवलेली. पट्टी छेडली की बुचं खुळखुळतात, आणि ती खुळखुळावीत म्हणूनच तिथे आहेत.

झिंबाब्वेच्या शोना लोकांचं हे वाद्य. पूर्वी बुचांच्या जागी शंख-शिंपले असत. दोन्ही अंगठे आणि उजवी तर्जनी एवढ्यावर सगळा कारभार. वाद्य मोठ्या भोपळ्याच्या पोटात धरून वाजवतात, त्या भोपळ्याच्या काठालाही बुचं! पितरांना बोलावण्यासाठी रात्रभर हे वाजतं. (आपल्याकडेही देवाला उठवायला रात्रच लागते, जागरण-गोंधळ दुपारी दोनला कुणी घालत नाही.)

आणि मग मला बाबा आठवले. आमच्याकडे मिरजेचा तानपुरा होता. रियाजाआधी बाबा घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुती दोरा सरकवत बसायचे. केसभर पुढे, केसभर मागे. आम्हाला वाटायचं, तार लागलीय की, आता काय राहिलं? ते म्हणायचे, "लागलीय, पण कोरडी आहे." मग एका जागी दोरा थांबला की तार अशी झणाणून उठायची, की कोपऱ्यातली भांडी गुणगुणायला लागायची. जवारी म्हणजे तरी काय, तारेला मुद्दाम घासायला लावलेलं लाकूडच. ज्याला मी इअरफोनचा बिघाड म्हणत होतो, त्याच्यासाठी बाबा अर्धा अर्धा तास घालवायचे.

मालीचा तुमानी ज्याबाते मी त्यानंतर ऐकला. त्याचं वाद्य कोरा: अर्ध्या भोपळ्यावर ताणलेलं गाईचं चामडं आणि एकवीस तारा. नाव कोरा, पण आवाज मुळीच कोरा नाही.

बुचं पुन्हा भेटली ती लंडनमध्ये. २०२३च्या हिवाळ्यात मुलीकडे गेलो होतो, तिने टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात नेलं. जुन्या वीजघराचं ते अवाढव्य दालन, आणि छतापासून लोंबणारा शिडासारखा पडदा, त्यावर लाल चंद्र. लांबून जरीकाम वाटलं. बायको म्हणाली, "पैठणीसारखं झळकतंय." जवळ गेलो तर दारूच्या बाटल्यांची झाकणं! ठेचलेली, पिळलेली, दुमडलेली, तांब्याच्या तारेने एकमेकांना बांधलेली, हजारोंनी. एल अनात्सुईचं काम. १९४४चा घानातला जन्म, वडील केंटे हे तिथलं पारंपरिक कापड विणणारे, आणि हा नायजेरियातल्या न्सुकाला विद्यापीठात शिकवायचा. तिथेच नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्याला झाकणांनी भरलेली पिशवी सापडली. त्याच्या किनाऱ्यावर दारू आली ती युरोपच्या जहाजांतून, आणि तिच्या बदल्यात माणसं गेली, गुलाम म्हणून. हे ठाऊक झाल्यावर पैठणीची उपमा बायकोनेच मागे घेतली.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की कापड कसं टांगायचं, चुण्या कुठे पाडायच्या, हे तो मांडणाऱ्यांवर सोडतो. म्हणजे दर ठिकाणी दोरा नव्याने सरकवायचा.

मी वाकून कान लावला. इतकी झाकणं, थोडी तरी वाजतील. पहारेकरी बाईंनी हाताने मागे व्हायची खूण केली. मुलगी ओशाळली.

घरी परतल्यावर तानपुऱ्याची गवसणी काढली. तारा होत्या, दोरे कधीच गळून गेलेले. बायकोच्या शिवणाच्या डब्यात हात घातला तर ती आतून ओरडली, "मशीनचा घेऊ नका, तो पॉलिस्टरचा आहे. खाली सुती रीळ असेल बघा."