दहावीचा लेखनिक: आमची तयारी

माझ्या मुलाला ऑटिझम आहे. प्रतापगडाची सगळी हकिगत तो न अडखळता सांगतो. तीच वहीत लिहायला बसवलं की दोन ओळींत हात दुखतो, पेन्सिलीचं टोक मोडतं आणि वही मिटते. शाळेत याला ‘लिहायचा कंटाळा’ म्हणत. तो कंटाळा नव्हता.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंनी ते उलगडून सांगितलं. लिहिताना खांदा, मनगट, बोटं एका लयीत चालावी लागतात, नजरेनं ओळ धरावी लागते आणि पुढचं वाक्यही डोक्यात टिकवावं लागतं. त्यात आपली लिपी. काना, वेलांटी, जोडाक्षर, वर शिरोरेषा, म्हणजे एका शब्दात कितीदा पेन उचलायचं! माझ्या मुलाचं सगळं बळ अक्षर काढण्यातच संपे.

म्हणून आम्ही अक्षर आणि उत्तर वेगळं केलं. अक्षरासाठी उभा फळा, खडू, कणीक मळणं, कपड्यांचे चिमटे. उत्तर मात्र तोंडी: तो सांगणार, मी लिहिणार. स्वतःची वाक्यं कागदावर पाहून तो ती पुन्हापुन्हा वाचायचा.

आठवीतच लेखनिकाचं, म्हणजे परीक्षेत तो सांगेल ते लिहून देणाऱ्याचं, ठरवलं. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज केला, मग जिल्हा रुग्णालयात तपासणी. ऑटिझम मोजायला आयएसएए ही भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात 40 मुद्दे असतात. मुलाचं घरचं वागणं मी आधीच लिहून नेलं होतं, ते फार उपयोगी पडलं, कारण अनोळखी खोलीत तो गप्पच बसला. प्रमाणपत्र आल्यावर शाळेनं कोल्हापूरच्या विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवला. आम्ही साताऱ्याचे, आमचं मंडळ तेच.

कागदपत्रं एकदाची होतात. खरी मेहनत पुढे होती, आणि ती कुणी सांगत नाही म्हणून इथे सविस्तर लिहिते.

लेखनिक खालच्या वर्गातला लागतो. नववीतली एक मुलगी तयार झाली, तिचे आईवडीलही आनंदानं हो म्हणाले. पण मला भराभर सांगणारा हा मुलगा तिच्यासमोर बसला की प्रश्नाचा क्रमांकच सांगेना. आपल्या मनातलं तिला ठाऊक आहे असंच धरून चालायचा. ती मागे राहिली तरी हा पुढे. परीक्षेत तिनं सुचवायचं नसतं, म्हणून सरावातही ती गप्प राहायची.

मग एक कार्ड बनवलं: ‘प्रश्न क्रमांक’, ‘थांब’, ‘वाचून दाखव’, ‘खोड’, ‘नवीन ओळ’. बोट ठेवत ठेवत ते शब्द त्याच्या तोंडी बसले. ‘झालं का, दादा?’ एवढंच ती विचारायची, तेही सरावापुरतं.

गणितानं सगळ्यात जास्त वेळ घेतला. ‘दोन एक्स अधिक तीन छेद पाच’ म्हटल्यावर पाचाच्या वर फक्त तीन, की सगळंच? त्यावर ‘अंश सुरू’, ‘अंश संपला’ असं बोलायची सवय लावली. बीजगणिताचा सराव करणाऱ्या प्रत्येक घराला मी हे आवर्जून सांगते.

तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो, आणि एवढं बसणं हीच त्याच्यासाठी परीक्षा. घरी आधी तास, मग दीड, असं वाढवत नेलं. पंख्याचा आवाज त्याला सोसत नाही, तेही शाळेला आधीच कळवलं होतं.

तो पास झाला. मराठीत सगळ्यात जास्त गुण! निबंध पूर्ण त्याचा, शब्दन् शब्द.

आता अकरावीत तो लॅपटॉपवर नोट्स टाइप करतो. बारावीच्या सवलतीसाठी कॉलेजमार्फत पुन्हा प्रस्ताव करायचा आहे. फाइल तयार आहे, आणि नव्या लेखनिकासाठी मी आत्तापासून विचारपूस सुरू केली आहे.