रिंगणाकडे पाठ

लोणंद सोडून पालखी तरडगावच्या वाटेला लागली की चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं. यंदा तिथे माझं लक्ष माउलींच्या अश्वापेक्षा कडेच्या पोलिसांकडेच जास्त होतं. माणसं अश्वाच्या वाटेत येऊ नयेत म्हणून ते गर्दीकडे तोंड करून उभे होते. रिंगण त्यांच्या पाठीमागे चाललेलं.

आमचे फौजदार म्हणायचे, "गुरुजी, वारीच्या बंदोबस्ताला एवढ्या वेळा गेलो, पण रिंगण म्हणाल तर टापा तेवढ्या ऐकल्यात." बोलण्यात तक्रार नसायची, उलट टापा ऐकल्याचंच समाधान असायचं.

शिपाई म्हणून भरती झालेले, बढती घेत घेत फौजदार झालेले. पण शाळा सुटायच्या वेळी एसटी स्टँडच्या चौकात स्वतः येऊन उभे राहायचे. हाताखालची माणसं होती, तरी यायचेच. आठवडे बाजारात कुणाची म्हातारी चुकली, तर तिला चहा पाजून घरचं माणूस येईपर्यंत ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवायचे.

मग थंडीतली ती नाकाबंदी. वाळूचा डंपर हात दाखवूनही थांबला नाही. शेजारी उभ्या असलेल्या होमगार्डच्या पोराला त्यांनी ढकललं आणि स्वतः चाकाखाली सापडले.

तिरंगा, बंदुकीच्या फैरी, कडकडीत बंद, सगळं झालं. चौकातला फ्लेक्स उन्हाने विरला. 21 ऑक्टोबरला जिल्ह्याच्या परेडला मी वहिनींसोबत गेलो होतो. 1959 साली त्या दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैन्याच्या हल्ल्यात 10 पोलीस जवान मारले गेले. त्यांची आठवण म्हणून पोलीस स्मृतिदिन पाळतात आणि वर्षभरात देशात कर्तव्यावर गेलेल्यांची नावं वाचतात. यादी एवढी लांब की यांचं नाव आलं आणि वहिनी पदर सावरेपर्यंत पुढचं सुरूही झालं होतं. गाव त्यांच्या मरणाबद्दल भरभरून बोललं, पण चौकातल्या त्या रोजच्या उभं राहण्याबद्दल कुणी बोललं नाही. ते माझ्या मनातून अजून जात नाही.

यंदा वहिनीच म्हणाल्या, "भाऊजी, मला वारीला यायचंय." आळंदीपासून डोक्यावर तुळस घेऊन चालल्या. दिवे घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात, एवढी ती चढण. तिथेही तुळस दुसरीकडे द्यायला तयार नव्हत्या. वाटेत दिसेल त्या पोलिसासमोर "माउली" म्हणून वाकायच्या. एक कोवळी शिपाई पोरगी एवढी गोंधळली की तीच उलटी वहिनींच्या पायाशी वाकली. वारीत असंच असतं, लहानथोर कुणी उरत नाही.

तरडगावच्या अलीकडे तो होमगार्डचा पोरगा भेटला. तिकडे बंदोबस्ताला असल्याचा त्याचा फोन आला होता, म्हणून आम्ही दिंडीच्या कडेने चालत होतो. आता पोलीस भरतीत निवड होऊन शिपाई झालाय. वहिनींना बघून त्याच्या तोंडून शब्द फुटेना. पाय धरले ते सोडीना.

वहिनींनी त्याला उठवलं. मला वाटलं, आता दोघं रडतील. पण त्यांनी विचारलं, "रात्रीच्या ड्युटीला ते चमकणारं जाकीट देतात का?"

"देतात की काकी."

"घालत जा. उकडतं म्हणून काढून ठेवू नकोस. आणि गाडी नाही थांबली तर नंबर टिपून घे. आडवा जाऊ नकोस."

"होय काकी."

"नुसतं होय नको. यांना मी रोज सांगायचे. तेही होयच म्हणायचे."

तेवढ्यात मागून पाण्याचा टँकर आला, वारकऱ्यांतून त्याला वाट करून द्यायची होती. पोरगा शिटी तोंडात धरून धावला. वहिनींनी तुळस पुन्हा डोक्यावर घेतली आणि दिंडी गाठायला आम्ही पावलं उचलली.