पाणी आधी की कलादालन?

"नळाला रोज पाणी नाही आणि तुम्हाला सोलापुरात कलेचा परिसर हवाय?" मी चित्रकलेचे क्लास घेतो, त्यामुळे पालक हे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

पाणी हवंच, त्यात वाद नाही. पण पाणी रोज आलं तरी माझ्या हुशार पोरांचं पुण्याला जाणं थांबणार नाही. इथे हातातल्या कलेवर पोट भरेल असं त्यांना दिसत नाही.

मागच्या उन्हाळ्यात सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, एका विद्यार्थिनीच्या घरी गेलो होतो. वडील चादरीचं डिझाइन काढत बसले होते. आलेख कागदावर मोर, एकेक चौकोन पेन्सिलीने भरलेला. त्या चौकोनांप्रमाणे पुठ्ठ्यांना भोकं पडतात, पुठ्ठे जेकार्डवर, म्हणजे मागाला नक्षी विणायला लावणाऱ्या यंत्रावर, चढतात आणि मागावर मोर उमटतो. मला तर नुसत्या पायऱ्या दिसत होत्या. "सर, लांबून बघा," ते म्हणाले. तीन पावलं मागे सरकलो तर मोराची मान अलगद वळलेली! असे कागद त्यांच्याकडे ट्रंकभर आहेत. भिंतीवर एकही नाही.

हे काम लोकांनी येऊन बघावं, विकत घ्यावं, अशी जागा मला हवी आहे. 1877 साली जुनी गिरणी सुरू झाली, तेव्हापासून आपण गिरण्यांचं गाव. गिरण्यांच्या जुन्या जागांत हे जमू शकतं. कोचीत 2012 पासून मसाल्याच्या व्यापाराच्या जुन्या वखारींत बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी होणारं मोठं कलाप्रदर्शन, भरतं. बघायला आलेला माणूस लॉजवर उतरतो, जेवतो, रिक्षा करतो. आपल्याला हे नवं नाही. गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेत, होम मैदानाभोवती केवढी उलाढाल होते! हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक सुटलं की बाहेरच्या चहावाल्याला उसंत नसते. हे एरवीही व्हावं, एवढंच.

एक भीती मात्र खरी आहे. मुंबईत फिनिक्स मिलचा मॉल झाला. परिसर चालला की भाडी वाढतात आणि कलाकारच बाहेर पडतो. म्हणून काही गाळे कमी भाड्याने विणकर आणि चित्रकारांसाठीच राखून ठेवावेत, आणि तेही पहिल्या दिवसापासून, लेखी. यात मी तडजोड करणार नाही.

तो मोराचा कागद मी मागून आणला, क्लासच्या भिंतीवर लावलाय. पोरं आधी नाक लावून बघतात, मग आपणहून मागे सरकतात. परवा एकाने विचारलं, "सर, हे काढायला कुठे शिकवतात?" मी त्याला पूर्व भागातल्या त्या घरचा पत्ता दिला.