शाब्दिक उदाहरणे आणि सिन्नरची बस

दहावीतला माझा भाचा सराव परीक्षेच्या आधी संध्याकाळी आमच्या सिडकोतल्या घरी बीजगणित घेऊन बसत असे. समीकरण मांडून दिले की तो ते झरझर सोडवी. अवयव पाडण्यात त्याचा हात बसलेला होता. अडत होते ते शाब्दिक उदाहरणांपाशी, त्यामुळे त्याला आणखी समीकरणे सोडवायला देण्यात अर्थ नव्हता (शिकवणीत मात्र नेमके तेच चालले होते).

मी एकच शिस्त लावली: उदाहरण शेवटपर्यंत वाचायचे, काय विचारले आहे ते पाहायचे आणि पहिली ओळ एककासह लिहायची, "समजा, बसचा मूळ वेग ताशी क्ष किमी आहे." नुसते "समजा, क्ष" लिहिले, तर दोन ओळींनंतर तो वेग होता की वेळ, याचाच घोळ होतो.

नाशिक ते सिन्नर हे अंतर सुमारे ३० किमी आहे. बसचा वेग ताशी १० किमीने वाढवला, तर १५ मिनिटे कमी लागतात. मग मूळ वेग किती, असे उदाहरण मी रचले. "मावशी, द्वारका सर्कलची गर्दी धरलीच नाहीस तू," असे म्हणत त्याने ३०/क्ष − ३०/(क्ष + १०) = १५ अशी मांडणी केली. वेग ताशी आणि वेळ मिनिटांत, म्हणजे पुढची आकडेमोड बिनचूक करूनही उत्तर चुकणारच. १५ च्या जागी १/४ आल्यावर क्ष² + १०क्ष − १२०० = ० हे वर्गसमीकरण मिळाले आणि क्ष = ३० किंवा क्ष = −४० अशा किमती निघाल्या. वेग ऋण नसतो, म्हणून −४० ही किंमत अग्राह्य, हे वाक्य लिहिण्याचा त्याला भारी कंटाळा. ते मी दर वेळी लिहूनच घेतले.

वयांच्या उदाहरणांत "आईचे वय मुलाच्या वयाच्या तिपटीपेक्षा ४ ने जास्त" हे तो ३(क्ष + ४) असे लिहीत असे. तेथे समजावत बसण्यापेक्षा मुलगा १२ वर्षांचा धरायला सांगितले. आई ४० वर्षांची हे त्याने तोंडीच काढले, आणि त्याच्या मांडणीतून ४८ येतात हे त्याचे त्यालाच दिसले. "५ वर्षांपूर्वी" आले की दोघांच्याही वयांतून ५ वजा करायचे, हेही अशाच आकड्यांनी पटले.

बोर्डाची बीजगणिताची प्रश्नपत्रिका ४० गुणांची आणि २ तासांची असते. तेवढ्या वेळात ताळा कुठे करू, असे त्याचे म्हणणे होते. पण ताशी ३० किमीने १ तास आणि ताशी ४० किमीने ४५ मिनिटे, एवढा ताळा तर मनातल्या मनातही होतो.